तपासताना ठीक

सोमवार, ३ तारीख

ही वही माझी नाही. म्हणजे आजपासून आहे. बाबांच्या टेलिफोन ऑफिसातली फॉल्टची जुनी वही, अर्धी कोरी. बाबा तिथे लाईनमन होते. एकतीस वर्षं खांबावर चढले, आठ महिन्यांपूर्वी रिटायर झाले, आणि तेव्हापासून खुर्चीवरून उतरलेले नाहीत. आज वही माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "येणारा-जाणारा फॉल्ट डोक्याने सापडत नाही, वहीने सापडतो. तारीख, तक्रार, काय सापडलं, काय केलं. दर रविवारी मला दाखवायची. मी सही करीन."

बारावीला दोनदा आपटले तेव्हासुद्धा कोणी मला एवढं लिहायला लावलं नव्हतं.

तक्रार आहे दादाच्या पेटीची. पेटी म्हणजे बाजाची नव्हे (मावशी अजून विचारते, "सा रे ग म कुठवर आलं रे?"). ही जमिनीवर ठेवायची, पायाने दाबायची. गिटारची वायर हिच्यात येते, हिची वायर स्पीकरला जाते. मधे ही काय वाटेल ते करते. एक बटण दाबलं की गिटार विहिरीतून आल्यासारखी वाजते, दुसरं दाबलं की पत्रा फाटल्यासारखी.

परवा हॉटेलातल्या कार्यक्रमात ऐन रंगात आवाज गेला. दादाची बोटं चालली आहेत, तोंड वाकडं करून डोळे मिटले आहेत, आणि आवाज शून्य. पाच-सहा सेकंदांनी आपोआप आला. दोन गाण्यांनंतर परत गेला. दादाने डोळे उघडले आणि पहिलं बघितलं ते माझ्याकडे.

मी त्याची केबलवाली. दुपारपर्यंत झेरॉक्सच्या दुकानात, आणि कार्यक्रम असला की दादाच्या वायरी लावणं, गुंडाळणं, पिशवीत भरणं. हे काम मला जगात सगळ्यात जास्त आवडतं, पण हे त्याला सांगितलं तर तो डोक्यावर बसेल.

आता माझ्याकडे का बघितलं, तर माझा इतिहास. तालमीत मी त्याची वायर अर्धी उपसून ठेवायचे. एकदा तर पेटीच्या चौथ्या बटणावर त्याचंच घोरणं भरून ठेवलं होतं. साठ माणसांसमोर त्याने मोठ्या थाटात पाय ठेवला आणि हॉलभर घुर्रर्र.

पण ह्या वेळी मी काही केलेलं नाही. देवाशप्पथ. हे लिहायला तक्त्यात रकानाच नाही. म्हणून पुढून बाबांचा तक्ता, आणि वही उलटी करून मागून हे माझं. मागून बाबा बघणार नाहीत, त्यांना सरळ माणसाची सवय आहे.

२९ तारखेला मोठा कार्यक्रम आहे. दादा म्हणाला, "तोवर फॉल्ट सापडला तर ठीक. नाहीतर केबलला धडामचा भाऊ येईल, तू घरी बस." धडाम म्हणजे आमचा ड्रमवाला. त्याच्या भावाला वायर गुंडाळता येत नाही, तो ती मोजे फेकल्यासारखी फेकतो.


बुधवार, ५

बाबांनी पद्धत सांगितली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं वाटलं, तर कशाने वाटलं ते कळत नाही. डॉक्टर लोक तसंच करतात आणि म्हणून तसेच असतात, असंही म्हणाले.

आज गिटारकडची वायर बदलली. दादाने अर्धा तास वाजवलं, आवाज ठणठणीत. "बघ, वायरच होती!" मी चहा आणायला वळले आणि गेला. मी परत आले आणि आला.

दादा म्हणाला, "तू खोलीबाहेर गेलीस की जातो."

"मग मला शेजारी बसव ना २९ला. खुर्ची टाक."

"तोंड बघ."

बाबा बाहेरून ओरडले, "तारा मीही आयुष्यभर ओढल्या. पण माझ्या तारांवर निदान लोक बोलायचे!" हा विनोद ते दहा वर्षं करतात. दादा आता हसतही नाही, चिडतही नाही. मला दोन्हींचं वाईट वाटतं, पण विनोदाचं जास्त.


रविवार, ९

पहिली तपासणी. बाबा चष्मा लावून, पेपर पसरून नखं कापत बसले होते. नेलकटर बाजूला ठेवून वही घेतली. (एकाच हाताची कापली. डाव्या. उजव्याची तशीच. रिटायर माणसाचं असंच होतं वाटतं.)

मी 'काय सापडलं' ह्या रकान्यात रोज 'काही नाही, डोकं' असं लिहिलं होतं. ते खोडायला लावलं. म्हणाले, "सापडलं नाही तर लिहायचं, तपासताना ठीक."

"पण ठीक नाही ना ते."

"तू तपासलंस तेव्हा ठीक होतं ना? मग तेवढंच लिहायचं."

मग स्वतःच सांगत बसले. आठ महिन्यांत एवढं सलग बोलले नव्हते. त्यांच्या लाईनच्या शेवटी एक म्हातारबा राहायचे, एकटेच. दर गुरुवारी तक्रार: फोनवर खरखर येते. बाबा सायकल मारत जायचे, खांबाला कान लावून तारेची गुणगुण ऐकायचे, सगळे जोड बघायचे. खरखर नाही. मग ऑफिसला सांगून म्हातारबांच्या फोनची बेल वाजवून बघायचे. वाजायची. ते लगेच उचलायचे. दोन वर्षं.

"मग खरखर होती कुठे?"

"नव्हतीच. फॉल्ट तपासायला आम्ही बेल द्यायचो. दुसरं कोणी द्यायचं नाही."

"आणि वहीत?"

"तपासताना ठीक."

"साहेब काही म्हणाले नाहीत?"

"साहेबाने शंभर वेळा सही केली. त्याला काय कळत नव्हतं?" असं म्हणून माझ्या तक्त्याखाली सही ठोकली. मला एकदम नोकरी लागल्यासारखं वाटलं.


मंगळवार, ११

शोध लागला! आज धडाम तालमीला आला होता. पेटीचा वीजपुरवठा बदलला, तरी आवाज गेला. पण मी वेळा लिहीत बसले आणि दिसलं काय, धडाम मोठा ढोल जोरात हाणतो तेव्हा जातो. परत हाणतो तेव्हा कधीकधी येतो. मी मुद्दाम पेटीजवळ उडी मारली. गेला! परत उडी. आला! दादा म्हणाला, "बस कर, खालचे लोक येतील." म्हणजे पेटीच्या आतच काहीतरी लटपटतंय. बाहेरच्या वायरी निर्दोष सुटल्या.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "शाबास." कप हातात होता. चहा असा गरम की मी कप कानाला धरून पण हात बदलते, आणि ह्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी सरळ पोटाला धरलेला. म्हणलं, भाजत नाही? "खांबावरचे हात आहेत," म्हणाले.

अजून एक नोंद. दादाला आधी गिटार सुरात लावायला दहा मिनिटं लागायची. हल्ली कपाटातून काढली की सुरातच असते. दादा म्हणतो, हवा चांगली आहे.

आई बाजूच्या खोलीत इस्त्री करत तिचं ते गाणं गुणगुणत होती. तिचं एकच गाणं आहे आणि तेही अडीच ओळींचं. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर येते, थांबते, आणि परत पहिल्यापासून. लहानपणी मला वाटायचं गाणी अशीच असतात.


शुक्रवार, १४

आजचा दिवस वाईट.

पेटी घेऊन दादा आणि मी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, कारण तो आधी ठोकून बघतो. पेटी उघडली, भिंग लावलं आणि दोन मिनिटांत म्हणाला, "हे घ्या. हेडफोनच्या भोकातली पत्ती."

समजावलं ते असं. पेटीच्या मागे हेडफोनचं भोक आहे. त्यात हेडफोन घातला की आतली एक बारीक पत्ती उचलली जाते आणि स्पीकरचा आवाज बंद होतो. काढला की पत्ती खाली बसते, स्पीकर चालू. आमची पत्ती दमलीय. नीट बसत नाही. धक्का बसला की उठते, परत धक्का बसला की बसते.

दादा म्हणाला, "पण ते भोक आम्ही कधी वापरतच नाही."

डॉक्टर हसला. "न वापरलेल्या भोकात धूळ असते, साहेब. हे बघा, चकाचक. ह्यात रोज कोणीतरी हेडफोन घालतंय आणि घाईघाईने ओढतंय. ओढल्याच्या खुणा आहेत."

मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. डॉक्टरने का बघावं? त्याला माझा इतिहासही माहीत नाही!

घरी येईपर्यंत दादा माझ्यापुढे दहा पावलं चालला. दारात बोलला. "दुपारी मी दुकानात चष्मे घासत असतो. आई दवाखान्याच्या खिडकीवर. दोन वाजता तू घरी येतेस. अजून कोण?"

"मी नाही केलं."

"घोरणं पण तू नव्हतंस केलं, आठवडाभर."

"ते केलं होतं. हे नाही केलं."

"हे बघ, तू मस्ती कर, मला चालतं. पण त्या दिवशी हॉटेलात बाईंसमोर माझं काय झालं ते तू बघितलंस. एवढं बघून पण खोटं बोलतेस ना, ते मला नाही चालत." बाई म्हणजे आमच्या गायिका, बँड त्यांचा.

दादा ओरडला असता तर मी पण ओरडले असते. तो हळू बोलला. बाबा खुर्चीत होते. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मग पाणी मागितलं.

मी पाणी दिलं आणि मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.


रविवार, १६

तपासणी. तक्त्यात लिहिलं होतं: हेडफोनची पत्ती दमलेली. रोजच्या वापराने. वापरणारा: ?

बाबा त्या प्रश्नचिन्हाकडे बराच वेळ बघत होते. मला वाटलं अक्षर लागत नाही. मग विचारलं, "नवी पत्ती बसते का?"

"बसवतोय. उद्या-परवा पेटी मिळेल."

"परत दमेल?"

"ओढली तर दमेल. हळू काढला तर वर्षानुवर्षं टिकते म्हणाला."

"हं." मग म्हणाले, "तुझा दादा तुला नेणार नाही का २९ला?"

"नाही म्हणतोय."

सही केली, पण रकान्याच्या बाहेर गेली. बाबांची सही कधी बाहेर जात नाही. तब्येत बघायला हवी एकदा.


मंगळवार, १८

पेटी आली. नवी पत्ती, आवाज तोफेसारखा. धडामने हाणून बघितलं, मी उड्या मारून बघितल्या. ठीक.

आता मला चोर पाहिजे. माझा संशय धडामवर, त्याच्याकडे दादाच्या खोलीची चावी असते. झेरॉक्सच्या दुकानातून चिमूटभर काळी पावडर आणली, मशीनमधली. ती बोटाला लागली की दोन दिवस साबणाला दाद देत नाही. हेडफोनच्या भोकाच्या कडेला अलगद फासली. आता ज्याची बोटं काळी तो माझा. दादासमोर उभा करणार आणि म्हणणार, घे, ओळख परेड.


बुधवार, १९

सापळा कोरा. भोकाला कोणी हात लावलेला नाही.

पण ते नंतर. आधी हे. आज दुकानात मशीनची पावडरची बाटली माझ्या अंगावर उलटली. (मीच मालकाच्या टोपीत थोडी टाकायला गेले होते. जाऊ दे.) मालकाने बारालाच घरी हाकललं. अंग झाडत जिना चढले, चावीने दार हळू उघडलं, कारण काळं तोंड बाबांना दाखवून दचकवायचं होतं.

खुर्ची रिकामी होती.

दादाच्या खोलीतून आवाज येत होता. आवाज म्हणजे काय, डास चालल्यासारखा. टिंग. टिंग टिंग. पेटी नाही, स्पीकर नाही, नुसत्या तारा. फटीतून बघितलं.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. दादाची गिटार मांडीवर, आणि कान गिटारच्या लाकडाला टेकवलेला. खांबाला लावायचे ना, तसा. हेडफोन शेजारी पडला होता, त्याची वायर गुंडाळलेली. पेटीला त्यांनी हात पण लावला नव्हता. डाव्या हाताचं एकेक बोट, नख कापलेलं, चुकत, परत जागेवर येत.

पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरी मध्यापर्यंत. मग थांबले, आणि परत पहिल्यापासून.

आईचं गाणं. आई जिथे थांबते तिथेच थांबले, कारण पुढचं त्यांना तरी कुठून माहीत असणार?

मी तशीच मागे सरकले. दार ओढून घेतलं, सगळा जिना उतरले. मग खालून धाडधाड पाय आपटत, बेसूर गाणं म्हणत, चावी दोनदा खाली पाडत वर आले. भरपूर वेळ दिला. आत गेले तर बाबा खुर्चीत, हातात पेपर.

"हे काय गं तोंडाला?"

"मशीन उलटलं."

"मशीनला काय झालं?"

"ते ठीक आहे."

हसले. मी बाथरूममध्ये गेले. काळी पावडर पाण्याने धुवायची नाही, आधी कोरडी झाडायची. पण ती ओलीच झाली होती, गालावर ओघळ आले होते.

सारखं म्हातारबांचंच आठवतंय.


शुक्रवार, २१

दोन दिवस विचार केला. बाबांचं नाव सांगितलं तर मी सुटते. पण मग? दहा वर्षं त्यांनी त्या गिटारची टिंगल केली. दादा काही बोलणार नाही, नुसता बघेल, आणि बाबा परत गिटारला हात लावणार नाहीत. मी ओळखते त्यांना.

संध्याकाळी दादाच्या खोलीत गेले आणि म्हणलं, "मीच केलं. हेडफोन लावून वाजवायचे. सॉरी."

दादा तारा पुसत होता. वर न बघता म्हणाला, "तू वाजवायचीस?"

"हो."

"आणि सुरात पण तूच लावायचीस? कपाटात सुरात असते ती?"

हे माझ्या लक्षातच नव्हतं. "हो. मीच."

त्याने सगळ्या खुंट्या सैल केल्या आणि गिटार माझ्या हातात दिली. "लाव."

मला सूर आणि शिंक यातला फरक कळत नाही, हे अख्ख्या घराला माहीत आहे. मी एक खुंटी पिळली, कुत्रं केकाटल्यासारखा आवाज आला. दुसरी पिळली, तार तुटता तुटता राहिली. म्हणलं, "तू असा बघतोस म्हणून हात थरथरतोय. एकटी असले की छान लावते."

दादाने गिटार काढून घेतली. खुंट्या आवळता आवळता थांबला. दारातून बाहेर बघत होता, बाबा खुर्चीत डुलक्या काढत होते, डावा हात पोटावर. बघण्यासारखं काही नव्हतं तिथे. मग म्हणाला, "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. जा."

पचलं! माझ्यासारखी थापाडी ह्या गावात दुसरी नाही. पण २९चं काही बोलला नाही. म्हणजे धडामचा भाऊच. असू दे. मोजे फेकू दे.


रविवार, २३

शेवटची तपासणी. प्रश्नचिन्ह मी खोडरबराने पुसलं होतं आणि त्या जागी लिहिलं होतं: तपासताना ठीक.

बाबांनी वाचलं. पेन हातात घेतलं, ठेवलं. चष्मा काढून पुसला, तो स्वच्छच होता.

"कधी तपासलंस?"

"बुधवारी. दुपारी."

खोलीत आई इस्त्री करत होती. तिचं गाणं मध्यावर आलं, थांबलं, परत पहिल्यापासून सुरू झालं. आम्ही दोघंही ऐकत होतो आणि ऐकत नाही असं दाखवत होतो.

बाबांनी सही केली. रकान्यात, नीट, खाली रेघ ओढून. मग म्हणाले, "त्या म्हातारबांचं पुढे काय झालं, सांगितलं का तुला?"

"नाही."

"काही नाही. आम्ही गुरुवार चुकवला नाही, एवढंच." आणि माझ्या डोक्यावर वही आपटली. हळू.


शनिवार, २९

गाडी यायला दहा मिनिटं आहेत, म्हणून घाईत.

सकाळी दादाच्या खोलीत गेले, निदान पिशवी तरी भरून द्यावी म्हणून. बाहेरच्याने भरली तर वायरींची दोरी होते. तर तिथे दोन नव्या गोष्टी. एक, भिंतीत खिळा, आणि त्यावर हेडफोन टांगलेला. इतका खाली की खुर्चीत बसून हात पुरावा. दोन, पेटीवर हेडफोनच्या भोकाशेजारी पांढरी पट्टी, त्यावर पेन्सिलने दादाचं अक्षर:

हळू काढा.

मला हसू फुटलं. मला अहो-जाहो? हा मला 'ए कार्टे' म्हणतो, वाढदिवसाला 'ए म्हातारे'. म्हणलं, भाषा सुधारून द्यावी, मी बारावी नापास असले म्हणून काय झालं. बोटाला थुंकी लावून शेवटचा काना पुसला. हळू काढ. आता कसं, घरचं वाटतं.

आणि मग बोट तिथेच राहिलं.

आईला तो 'काढ' म्हणतो. मला 'काढ'. धडामला 'काढ रे गाढवा'. ह्या घरात दादा ज्याला 'काढा' म्हणतो असा माणूस एकच आहे.

म्हणजे पचलं नव्हतं.

"ए कार्टे!" दादा जिन्यातून ओरडला. "पिशवी भरलीस का? का धडामच्या भावाला बोलावू?"

"भरली! दोन मिनिटं!"

बाहेर बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पेटी परत कधी येईल?"

"रात्री येईल, बाबा. उद्या दुपारी घरीच आहे."

"नाही, आपलं विचारलं. सांभाळून आणा."

मी परत आत गेले. कार्यक्रमाच्या यादीसाठीचं जाड काळं पेन पिशवीत होतं ते काढलं, आणि पुसलेला काना परत दिला. जरा ठळकच दिला.